ग्राहक-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर एका संगणकावर चालते, दुसऱ्यावर अडते : दोष कसा शोधावा आणि निवड कशी करावी

लहान आणि मध्यम व्यवसायांच्या कार्यालयात आज सगळे संगणक एकाच प्रकारचे असणे दुर्मीळ झाले आहे. बिलिंगचा संगणक विंडोजवर असतो, मालकांच्या टेबलावर मॅकबुक असते, बाहेर फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधींच्या हाती अँड्रॉइड फोन असतात आणि त्यांतल्या एखाद्याकडे आयफोन असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा संपला. विंडोज ११च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून तो वापरात ठेवणे हा त्यानंतर रास्त पर्याय ठरला, त्यामुळे या मिश्रणात आणखी एका प्रणालीची भर पडली. अशा कार्यालयासाठी ग्राहक-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, घेताना विक्रेता ‘सर्व प्रणालींवर चालते’ असे सांगतो आणि ते बहुधा खोटेही नसते. तरीही काही आठवड्यांत तक्रारी सुरू होतात, वर्षभराने सॉफ्टवेअर बदलले जाते आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच तक्रारी पुन्हा उभ्या राहतात.

तक्रारी परत येतात, कारण ‘मॅकवर चालत नाही’ या एका वाक्याखाली निरनिराळे दोष एकत्र बांधले जातात. सॉफ्टवेअर मुळात उघडतच नाही, हा एक दोष झाला. ते उघडते पण नावे किंवा तारखा बिघडलेल्या दिसतात, हा दुसरा. सगळे ठीक दिसते पण फोन, प्रिंटर किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळत नाही, हा तिसरा. यांपैकी फक्त पहिला दोष खऱ्या अर्थाने संगणक-प्रणालीचा असतो. उरलेले दोन सांध्यावरचे असतात, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात माहिती जाताना निर्माण होतात, आणि सॉफ्टवेअर बदलल्याने ते बहुधा जात नाहीत.

आधी दोष यंत्राचा की नोंदीचा, हे ठरवावे

यासाठी एक साधी तपासणी पुरते. जी ग्राहक-नोंद बिघडलेली दिसते तीच नोंद, त्याच वापरकर्त्याच्या नावाने प्रवेश करून, दुसऱ्या प्रणालीच्या संगणकावर त्याच ब्राउझरमध्ये उघडावी. दोन्हीकडे सारखाच बिघाड दिसला तर दोष नोंदीत आहे आणि यंत्राला बोल लावून उपयोग नाही. एका ठिकाणीच बिघाड दिसला तर त्याच यंत्रावर दुसरा ब्राउझर वापरून पाहावा. तेथे नोंद नीट दिसली तर दोष ब्राउझरचा किंवा त्यात बसवलेल्या जोड-प्रणालीचा (एक्स्टेन्शनचा) असतो, आणि तेथेही बिघाड राहिला तरच प्रणालीकडे वळावे. हा क्रम उलटा केला जातो म्हणून आधी संगणक फॉरमॅट होतो आणि मग कळते की बिघडलेली फाइल तीन महिन्यांपूर्वीच आयात झाली होती.

मुळात उघडतच नाही

संगणकावर बसवायचे जुने स्थानिक सॉफ्टवेअर असेल तर ते कशावर बांधले आहे, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. व्हिज्युअल बेसिक ६, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस किंवा जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर बांधलेले सॉफ्टवेअर विंडोजचेच असते. ॲक्सेसची मॅकसाठी आवृत्तीच नाही. डॉटनेट २०१६पासून लिनक्स आणि मॅकवरही चालू लागले, ते नव्या शाखेत. जुन्या फ्रेमवर्कवरील सॉफ्टवेअर केवळ त्या कारणाने इतरत्र चालू लागत नाही. ‘मॅकवर विंडोज टाकून घ्या’ हा सल्लाही आता जपून घ्यावा, कारण २०२०च्या अखेरीपासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकमध्ये बूट कॅम्पची, म्हणजे मॅकवरच विंडोज बसवण्याची, सोय नाही आणि आभासी यंत्रात, म्हणजे मॅकच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, जे विंडोज चालते ते एआरएम या वेगळ्या रचनेच्या चिपसाठीचे असते. साधे सॉफ्टवेअर त्यावर चालून जाते, पण प्रिंटरचे किंवा सुरक्षा-डोंगलचे (परवान्यासाठी यूएसबीत लावायच्या किल्लीचे) जुने ड्रायव्हर तेथे अडतात. मॅकसाठी दिलेले सॉफ्टवेअर ३२-बिटचे असेल तर २०१९च्या कॅटालिना या मॅक-प्रणालीपासून ते उघडणारच नाही.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रश्न वेगळा असतो. तेथे प्रणालीपेक्षा ब्राउझरची आवृत्ती महत्त्वाची ठरते. विंडोज ७ आणि ८.१वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती. त्यानंतरच्या आवृत्त्यांना किमान विंडोज १० लागते. गोदामातल्या जुन्या संगणकावर पान अर्धवट उघडते, बटणे दाबली जात नाहीत, अशी तक्रार असेल तर प्रथम ही आवृत्ती पाहावी. याच्या उलट, काही जुनी सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतात पण त्यांना ॲक्टिव्हएक्स हे मायक्रोसॉफ्टचे जुने तंत्र लागते, म्हणजे ती इंटरनेट एक्सप्लोररशीच बांधलेली असतात. इंटरनेट एक्सप्लोरर ११चा पाठिंबा बहुतेक विंडोज १० संगणकांवर जून २०२२मध्ये संपला. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधील त्याची सुसंगत अवस्था विंडोजवर अजून कामचलाऊ आहे, पण मॅक आणि लिनक्सवर तिचा काही उपयोग नाही. असे सॉफ्टवेअर ‘वेब-आधारित’ म्हणून विकले जात असेल तर ते घेऊ नये.

नावे बिघडलेली दिसतात

मराठी नावे असलेल्या यादीत सर्वाधिक वेळ येथेच जातो, आणि विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हा प्रश्न कधीच दिसत नाही, कारण तेथील नमुना-ग्राहकांची नावे इंग्रजीत असतात. बिघाड कसा दिसतो यावरूनच त्याचे कारण ओळखता येते.

नावाच्या जागी सलग प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मूळ अक्षरे नष्ट झाली आहेत. विंडोजवरील एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुरात) फाइल साठवली की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे लिहिली जातात, आणि त्यांवरून मूळ नाव परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नसतो. जुनी प्रत शोधणे एवढाच उपाय उरतो. नावाच्या जागी स्वरचिन्हे लावलेली परकी रोमन अक्षरे आणि मधूनच चलनचिन्हे दिसत असतील तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. फाइल यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत बरोबर लिहिलेली आहे, फक्त वाचणाऱ्याने ती जुन्या पाश्चात्त्य पद्धतीची समजून वाचली आहे. मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेली फाइल विंडोजमधील एक्सेलवर दोनदा क्लिक करून उघडली की हे हमखास होते, कारण फाइलच्या सुरुवातीला ओळखीची खूण नसल्यास एक्सेल तिला यूटीएफ-८ मानत नाही. अशी फाइल न साठवता बंद करावी, रिकामे एक्सेल उघडून डेटा या विभागातील सीएसव्ही आयातीचा पर्याय घ्यावा आणि तेथे ६५००१ क्रमांकाची यूटीएफ-८ पद्धत निवडावी. साठवताना अलीकडच्या एक्सेलमध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा स्वतंत्र प्रकार मिळतो, तोच वापरावा.

नावांच्या जागी साधी इंग्रजी अक्षरे व विरामचिन्हे निरर्थक क्रमाने दिसत असतील तर यादी युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिपींसाठीची आजची समान सांकेतिक पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टंकलिखित झालेली आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठीपण फक्त फॉन्टच्या चित्रांत असते. साठवलेली अक्षरे रोमनच असतात. जुन्या संगणकावर तो फॉन्ट असल्यामुळे यादी सुरेख दिसते आणि मॅकवर, फोनवर किंवा कोणत्याही सीआरएममध्ये तीच यादी निरर्थक होते. येथे परिवर्तक वापरावाच लागतो, आणि तो त्याच फॉन्ट-कुटुंबाचा असावा लागतो. त्यातही एक धोका आहे. एकाच रकान्यात काही नावे मराठी फॉन्टमध्ये आणि काही खरोखरच इंग्रजीत असतील, तर संपूर्ण रकाना परिवर्तकातून काढल्यावर इंग्रजी नावांची वाट लागते, म्हणून आधी ओळी वेगळ्या कराव्यात. नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत असतील तर त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. लिनक्सवर नोटो देवनागरीसारखा फॉन्ट बसवला की काम होते.

याहून छुपा दोष शोधाचा असतो. नाव डोळ्यांना बरोबर दिसते, पण शोधपेटीत टाकल्यावर सापडत नाही, आणि मग त्याच ग्राहकाची दुसरी नोंद तयार होते. ‘ॲड.’ ही वकिलांच्या नावाआधीची अक्षरे पाहा. काही कळफलक त्यासाठी एकच स्वतंत्र वर्ण देतात, जो युनिकोडमध्ये २००८मध्ये आला, तर काही कळफलकांवर ‘अ’ लिहून त्यावर चंद्र दिला जातो. हिंदीच्या सोयीने बनवलेल्या कळफलकांवर ‘ऍ’ हा तिसराच वर्ण उमटतो. संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी अक्षरे आहेत आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक मानत नाही. कऱ्हाड, कुऱ्हाडे, वऱ्हाडे यांतला अर्धा ‘र’ही असाच दोन प्रकारांनी लिहिता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’चा पाय मोडून किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. फोनवर नोंदवलेले कऱ्हाडचे दुकानदार कार्यालयातल्या संगणकावरून शोधले असता अर्धेच सापडतात, याचे कारण समक्रमणात नसून येथे असते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये शोधाचे नियम बदलता येत नाहीत तेथे उपाय एकच : शोधासाठी मोबाइल क्रमांक हीच मुख्य ओळख ठेवावी, आणि नाव व गाव यांचा रोमन लिपीतला जोड-रकाना ठेवावा.

मात्र मोबाइल क्रमांकही एक्सेलमधून सुखरूप येईल असे गृहीत धरू नये. देशाच्या सांकेतिक अंकांसह लिहिलेला बारा अंकी क्रमांक एक्सेल मोठी संख्या समजून घातांकाच्या रूपात दाखवते आणि सीएसव्ही साठवताना जे दिसते तेच लिहिते. शेवटचे अंक तेथेच जातात. रकाना आधी ‘टेक्स्ट’ प्रकारचा करूनच आयात करावी. दूरध्वनीच्या सुरुवातीचे शून्यही याच उपायाने वाचते.

तारखा एक दिवस, एक महिना किंवा चार वर्षे सरकतात

वाढदिवसाच्या शुभेच्छांचा संदेश एक दिवस आधी जातो, ही तक्रार बहुतेक सीआरएममध्ये कधी ना कधी येते. सॉफ्टवेअर तारीख ‘तारीख’ म्हणून न साठवता क्षण म्हणून साठवते, तेव्हा भारतातील मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेत आदल्या दिवशीची संध्याकाळची साडेसहा होते. कार्यालयातल्या संगणकावर ती पुन्हा भारतीय वेळेत बदलून बरोबर दिसते, पण सर्व्हरवरून आपोआप निघणारा अहवाल आदला दिवस दाखवतो. दुबईच्या शाखेतही, तेथील वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यामुळे, हेच घडते. खातरजमा करण्यासाठी एका संगणकाचे वेळक्षेत्र तात्पुरते लंडनचे करून नमुना-ग्राहकाची जन्मतारीख पाहावी. ती बदलली तर दोष सॉफ्टवेअरच्या रचनेत आहे आणि तो विक्रेत्यानेच दुरुस्त करायचा आहे.

दिवस आणि महिना यांची अदलाबदल मात्र संगणकाच्या प्रादेशिक मांडणीतून होते. विंडोजची मांडणी अमेरिकी इंग्रजी राहिली असेल तर ०४/०७ ही तारीख चार जुलैऐवजी सात एप्रिल होते, आणि बारापेक्षा मोठा दिवस असलेल्या तारखा मजकूर म्हणूनच राहतात. एक्सेलच्या रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या की हे झाले आहे असे समजावे. आयातीपुरती वर्ष-महिना-दिवस अशी मांडणी ठेवल्यास गोंधळ उरत नाही. मॅकवरील जुन्या एक्सेलची गणना १९०४पासून सुरू होत असे, इतरत्र ती १९००पासून होते. त्यामुळे तशा फाइलमधून चिकटवलेल्या तारखा १४६२ दिवसांनी सरकतात. असे प्रसंग आता कमी येतात, पण जुन्या मॅकवरची यादी आणली असेल तर हा आकडा लक्षात असावा.

फोन, टॅली आणि बाकीचे सोबती

विक्री प्रतिनिधींचे कॉल आपोआप नोंदवणे हे अनेक सीआरएमचे मोठे आकर्षण असते. अँड्रॉइडवर ते शक्य आहे, मात्र गूगलने २०१८मध्ये जाहीर केलेल्या धोरणानंतर प्ले स्टोअरवरील ॲपना त्यासाठी विशेष मंजुरी लागते. आयफोनवर बाहेरच्या कोणत्याही ॲपला फोनची कॉल-यादी वाचताच येत नाही. त्यामुळे ‘आयफोनवाल्यांचे कॉल दिसत नाहीत’ ही तक्रार दुरुस्त होणारी नाही, ती निवड करतानाच ओळखायची आहे. संघात आयफोन असतील तर कॉल दूरध्वनी-सेवेच्या आभासी क्रमांकावरून लावले जातील आणि त्यांची नोंद सर्व्हरवरच होईल, अशी व्यवस्था असलेले सॉफ्टवेअर पाहावे. प्ले स्टोअरबाहेरून ॲपची फाइल पाठवून ‘हे टाकून घ्या’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला मात्र दूरच ठेवावे, कारण त्या ॲपच्या हाती ग्राहकांची सगळी यादी जाते.

आयफोनच्या सफारीत ॲपशिवाय काम करणाऱ्यांना आणखी दोन अडचणी येतात. २०२०पासून सफारी बाह्य संकेतस्थळांच्या कुकी (प्रवेश लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) पूर्णपणे रोखते, त्यामुळे दुसऱ्या पानात बसवलेली सीआरएमची खिडकी पुन्हापुन्हा प्रवेश मागते. तसेच सात दिवसांच्या वापरात त्या पानाकडे फिरकले नाही तर पानाने फोनवर साठवलेला मजकूर पुसला जातो, आणि इंटरनेट नसताना भरलेल्या, अजून न पाठवलेल्या चौकश्या त्यातच जाऊ शकतात. पान फोनच्या मुख्य पडद्यावर जोडून घेतल्यास ही मर्यादा लागू होत नाही, आयओएस १६.४पासून पाठपुराव्याच्या सूचनाही तशा जोडलेल्या पानालाच मिळतात. अँड्रॉइडवर सूचना उशिरा येत असतील तर बॅटरी वाचवणाऱ्या मांडणीतून त्या ॲपला वगळावे.

आउटलुकशी जोडणी हवी असल्यास ती कोणत्या प्रकारची आहे, हे विचारणे आवश्यक आहे. कॉम या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीच्या जोड-प्रणाली फक्त विंडोजवरील जुन्या आउटलुकमध्ये चालतात, मॅकवर नाहीत आणि विंडोजच्या नव्या आउटलुकमध्येही नाहीत.

टॅलीबाबत माझे मत स्पष्ट आहे : टॅली विंडोजचे सॉफ्टवेअर आहे, ते विंडोजवरच राहू द्यावे. मॅकवर किंवा लिनक्सवर ते कसेबसे चालवण्यात जाणारा वेळ भरून निघत नाही. कार्यालयात एक विंडोज संगणक त्यासाठी राखावा आणि सीआरएमने त्याच्याशी एक्सएमएल या माहिती-देवाणघेवाणीच्या स्वरूपामार्फत बोलावे; यासाठी टॅली सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकते. जोडणी अधूनमधून तुटत असेल तर तो संगणक झोपी जातो का, त्यावर टॅलीमध्ये कंपनीची हिशेब-फाइल उघडी असते का आणि त्याचा अंतर्गत पत्ता बदलतो का, या तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

सर्व्हर स्वतःचा असेल तर

स्वीटसीआरएम किंवा मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट यांसारखी खुल्या स्रोताची सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात आणि वापरणाऱ्यांना फक्त ब्राउझर लागतो. येथे प्रणालीचा प्रश्न सर्व्हरपुरता उरतो, आणि त्यासाठी लिनक्सच घ्यावे. विंडोजवर प्रयोग म्हणून सुरू करून नंतर लिनक्सवर नेल्यास मायएसक्यूएल या माहितीसाठ्यातील तक्त्यांची नावे लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकामुळे सापडेनाशी होतात. विंडोज हा फरक पाहत नाही, लिनक्स पाहते, आणि मायएसक्यूएल ८मध्ये ही मांडणी पहिल्या उभारणीच्या वेळीच ठरवावी लागते. जोडलेल्या कागदपत्रांच्या फाइलनावांनाही हाच नियम लागू आहे; शिवाय नावात विसर्गासारखे दोन टिंब किंवा प्रश्नचिन्ह असेल तर लिनक्सवरची ती फाइल त्याच नावाने विंडोजवर उतरत नाही.

पैसे भरण्यापूर्वी

चाचणीच्या काळात विक्रेत्याची नमुना-यादी वापरू नये. स्वतःच्या यादीतून वीस-पंचवीस अवघड नोंदी निवडाव्यात : ‘ॲड.’ तिन्ही प्रकारांनी लिहिलेले वकील, कऱ्हाडचे व्यापारी, बारा अंकी क्रमांक, महिन्याच्या बाराव्या दिवसाआधीच्या आणि नंतरच्या जन्मतारखा, मराठी नावाची जोडलेली फाइल. त्या विंडोजवरून आयात कराव्यात, मॅकवर एक शब्द बदलावा, अँड्रॉइडवरून पाठपुराव्याची टीप लिहावी, आयफोनवरून शोधाव्यात आणि शेवटी लिनक्सवरून संपूर्ण यादी बाहेर काढून मूळ फाइलशी ताडून पाहावी. झोहो, सेल्सफोर्स यांसारख्या मोठ्या ब्राउझर-आधारित सेवा असोत वा स्थानिक विकासकाने बांधून दिलेले सॉफ्टवेअर असो, ही फेरी कोणालाही माफ नसावी. प्रणालींची नावे छापलेल्या जाहिरातपत्रकापेक्षा तिच्यावर माझा अधिक विश्वास आहे.

करारातही ‘सर्व प्रणाली’ हे शब्द स्वीकारू नयेत. कोणत्या प्रणालीची आणि कोणत्या ब्राउझरची किमान कोणती आवृत्ती चालेल, ती आवृत्ती बंद करण्यापूर्वी किती महिने आधी कळवले जाईल, आयफोनवर कोणती सोय मिळणार नाही आणि सेवा सोडताना जोडलेल्या फाइलींसह सगळी माहिती यूटीएफ-८ स्वरूपात मिळेल की नाही, हे लेखी घ्यावे. पहिल्या तीन प्रश्नांवर विक्रेते मोकळेपणाने उत्तरे देतात. शेवटच्या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून आधी एक नमुना-निर्यात मागून घ्यावी आणि ती मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.